पंख्याचा ठोका : भोसरीतल्या एका पेटंटचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्या हातून गेलेलं आहे. मी पुण्यात पेटंट एजंट म्हणून काम करते. दोन्ही भागीदारांना विचारूनच लिहिते आहे; नावं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

दोघंही एकाच कॉलेजची. तो मेकॅनिकलचा. हिंजवडीतल्या एका कंपनीत त्याने बरीच वर्षं संगणकावर हवेच्या प्रवाहाची गणितं मांडली होती. ती चार वर्षांनी धाकटी, नेटवर्क इंजिनिअर. ती त्याला अजूनही 'दादा'च म्हणते. नोकऱ्या सोडून त्यांनी भोसरी एमआयडीसीत एक गाळा भाड्याने घेतला, जुन्या बाजारातून आठ सर्व्हर रॅक आणले आणि एक खोटी सर्व्हर रूम उभी केली. खोटी अशासाठी की रॅकमध्ये सर्व्हरऐवजी बहुतेक ठिकाणी हीटर होते. सहकारी बँका, रुग्णालयं, मध्यम कारखाने यांच्या सर्व्हर रूम थंड ठेवण्याचा खर्च कमी करायचा, हा त्यांचा धंदा.

ही खोली थंड ठेवणं सोपं वाटतं, पण तसं नाही. सर्व्हरमध्ये गेलेली जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते. हवा आत शिरताना आणि बाहेर पडताना तिच्या तापमानात १२ अंशांचा फरक धरला, तर एक किलोवॉट उष्णता वाहून न्यायला समुद्रसपाटीवर ताशी सुमारे २५० घनमीटर हवा लागते. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर आहे. इथली हवा विरळ, म्हणून तेवढ्याच उष्णतेसाठी ताशी सुमारे २७० घनमीटर. मुंबईच्या खोलीचा हिशेब जसाच्या तसा पुण्यात आणला की पहिल्याच पायरीवर सहा-सात टक्के चूक होते. परदेशी पुस्तिका बघून बसवलेल्या कितीतरी खोल्यांत ही चूक आपल्याला दिसली, असं तो पोटतिडकीने सांगायचा.

आणि हवा किती आहे यापेक्षा ती जाते कुठे हा प्रश्न मोठा. सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ अंश तापमान असावं, अशी अमेरिकन वातानुकूलन अभियंत्यांच्या अॅश्रे या संस्थेची शिफारस आहे. प्रत्यक्षात रॅकच्या मागची गरम हवा वरून वळसा घालून पुन्हा पुढे येते. एका रॅकला थंडी वाजते, शेजारचा तापतो. तापलेल्या एकासाठी मग सगळे पंखे जोरात फिरवले जातात. पंख्याची वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दहा टक्के कमी केला तर वीज जवळजवळ २७ टक्के वाचते, हे लक्षात घेतलं की त्या एका रॅकपायी खोलीचा मालक काय किंमत मोजतो ते कळतं.

प्रवाहाचं पूर्ण गणित सोडवायला संगणकाला तासन् तास लागतात आणि खोलीतला भार तर मिनिटामिनिटाला बदलतो. दादाने आधी बऱ्याच स्थितींची गणितं करून एक तक्ता बनवला होता: थंड हवा सोडणाऱ्या कोणत्या यंत्राची हवा कोणत्या रॅकपर्यंत किती पोचते. प्रत्यक्ष चालू खोलीत मग फक्त तक्त्याचा साधा गुणाकार करायचा. प्रवाहाच्या गणितात सगळं जग जी 'सिंपल' पद्धत वापरतं, ती १९७२ साली ब्रायन स्पाल्डिंग यांच्याबरोबर मांडणारे सुहास पाटणकर हे पुण्याच्याच अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९६२ साली पदवीधर झालेले. पुढे त्यांनी डेटा सेंटरच्या जाळीच्या फरशांमधून येणाऱ्या हवेवरही काम केलं. दादाच्या टेबलासमोर त्यांचा फोटो होता. ही पद्धत शोधनिबंधातून सर्वांसमोर आली आणि सगळ्यांनी वापरली, ही गोष्ट या प्रकरणात पुढे माझ्या बोलण्यात पुन्हा आली.

खरी गंमत तक्त्यानंतर सुरू झाली. तक्ता संगणकातल्या खोलीचा. खऱ्या खोलीत कुणीतरी खोका ठेवतं, फरशी सरकवतं, केबलचा जुडगा हवेची वाट अडवतो. तक्ता खऱ्या खोलीशी जुळवायचा कसा? एकेक यंत्राचा पंखा थोडा वाढवून कोणता रॅक हलतो ते बघत बसलं तर रात्र जाते, आणि तेवढ्यात भार बदलतो.

उपाय तिला सुचला, तोही तिच्या स्वतःच्या क्षेत्रातून. मोबाइलच्या सीडीएमए पद्धतीत बरेच जण एकाच वेळी, एकाच पट्ट्यात बोलतात. प्रत्येकाचा संकेत वेगळा असल्याने आवाज वेगळे काढता येतात. "दादा, सगळे पंखे एकदम हलव," ती म्हणाली, "पण प्रत्येकाला वेगळा ठेका दे." प्रत्येक पंखा अगदी थोडा, स्वतःच्या ठेक्यात वर-खाली होतो. रॅकच्या तोंडाशी तापमानाची जी बारीक थरथर उमटते, तिच्यात ज्या पंख्याचा ठेका सापडेल त्याची हवा तिथे पोचते. याला ती दोघं 'ठोका' म्हणत. अडचण एकच होती. सेन्सरची मापं नेटवर्कवरून येतात, काही दर दहा सेकंदांनी, काही मिनिटाने, काही उशिरा. वेळ जुळली नाही तर ठेका सापडत नाही. प्रत्येक मापाची खरी वेळ मागे नेऊन लावण्याची रीत तिने बसवली, आणि ठोका चालू लागला.

अडचण

एका गुरुवारी दुपारी दोघं माझ्याकडे आली. सोमवारी एका मोठ्या ग्राहकापुढे प्रात्यक्षिक होतं. "मॅडम, त्याआधी पेटंट टाकून द्या," दादा म्हणाला आणि स्वतः लिहिलेला मसुदा पुढे ठेवला. चौदा क्लेम होते. क्लेम म्हणजे शोधातलं नेमकं काय आपलं, ते सांगणारं वाक्य. पहिला असा सुरू होत होता: 'हवेच्या प्रवाहाचा अंदाज बांधण्याची संगणकीय पद्धत...'

मसुदा बाजूला ठेवून मी विचारलं, "हे आजवर कुणाकुणाला सांगितलंय?"

पहिल्या तासाभरात चार गोष्टी बाहेर आल्या.

सात महिन्यांपूर्वी दादाने एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या परिषदेत तक्त्याच्या पद्धतीवर निबंध वाचला होता. निबंध छापून आला होता आणि भाषणाचा व्हिडिओ इंटरनेटवर होता. दुसरी गोष्ट, दादाच्या जुन्या कंपनीच्या करारात नोकरीच्या काळातले सगळे शोध कंपनीचे, असं कलम होतं. तक्त्याचं पहिलं काम त्याने घरी, पण नोकरीत असतानाच केलं होतं. तिसरी, शेवटच्या वर्षाचे दोन विद्यार्थी सहा महिने त्यांच्याकडे प्रकल्प करत होते आणि त्यांच्याशी कुठलाही लेखी करार नव्हता. चौथी गोष्ट म्हणजे तो मसुदा. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ३(के) गणिती पद्धत, व्यवसायपद्धत, अल्गोरिदम आणि नुसता संगणक प्रोग्राम यांना शोध मानत नाही. मसुद्याचा पहिला क्लेम थेट या कलमात जाऊन बसत होता.

दादा गप्प झाला. व्हिडिओचं त्याला सगळ्यात जास्त लागलं. "मी तर माझंच काम सांगितलं होतं," तो म्हणाला. हे वाक्य मी दर दोन-चार महिन्यांनी कुणाच्या तरी तोंडून ऐकते. आपलंच काम आपणच सांगितलं तरी ते जगाला माहीत झालं, आणि पेटंटला हवी असलेली नवलाई तिथेच गेली.

पर्याय

पहिला पर्याय होता पेटंट न घेता गुपित ठेवण्याचा. ठोका प्रोग्रामच्या आत दडलेला असतो, बाहेरून दिसत नाही, असं तिचं म्हणणं. पण पंख्याच्या वेगाची नोंद ग्राहकाच्या स्वतःच्या यंत्रणेत उमटते. एखाद्या हुशार माणसाने आठवड्याभराच्या नोंदी आलेखावर काढल्या तर ठेके डोळ्यांना दिसतील. शिवाय ती दोघं लहान. उद्या एक कर्मचारी सोडून गेला तर गुपित त्याच्याबरोबर जाईल. हा पर्याय आम्ही अर्ध्या तासात सोडला.

दुसरा पर्याय सगळं एकदम दाखल करण्याचा: तक्ता, ठोका, जे आहे ते. परिषदेतल्या निबंधासाठी कलम ३१ चा आधार घ्यायचा. शोधकाने विद्वत्संस्थेपुढे निबंध वाचला, किंवा तो त्याच्या संमतीने त्या संस्थेच्या वृत्तांतात छापला गेला, तर बारा महिन्यांत अर्ज केल्यास ते प्रकाशन आड येत नाही. सात महिनेच झाले होते. दादाला हा पर्याय हवा होता. तक्त्यावर त्याची तीन वर्षं गेली होती. पण महाविद्यालयाची परिषद ही 'विद्वत्संस्था' ठरते का, हा वादाचा मुद्दा आहे, आणि व्हिडिओ तर कुठल्याच वृत्तांतात बसत नव्हता. युरोपात अशी सवलत जवळजवळ नाहीच. अमेरिकेत शोधकाच्या स्वतःच्या प्रकाशनाला एक वर्षाची मुभा आहे. वर तक्त्यावर जुन्या कंपनीची सावली होती. म्हणजे ज्या भागाची नवलाई शंकास्पद, त्याच भागाची मालकीही शंकास्पद. तो भाग क्लेममध्ये घेणं म्हणजे सगळ्या अर्जाला ते ओझं बांधणं.

तिसरा पर्याय, फक्त ठोका मागायचा आणि तक्ता 'आधीपासून माहीत असलेली गोष्ट' म्हणून सरळ लिहायचा. चौथा, सगळंच छापून टाकायचं म्हणजे निदान दुसरं कुणी त्यावर पेटंट घेणार नाही. चौथा पर्याय मी मनापासून मांडला होता. पेटंट सांभाळायलाही पैसे लागतात, आणि कोर्टात लढायला तर फारच. तिने विचारलं, "मग ग्राहक आमच्याकडेच का येईल?" माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं.

निर्णय तिसऱ्यावर आला. तक्ता सोडायचा या गोष्टीला दादाने हो म्हणायला संध्याकाळ घेतली. मी त्याच्या टेबलासमोरच्या फोटोची आठवण करून दिली. गणित सगळ्यांचं राहिलं, तरी त्यावर उभं केलेलं यंत्र कुणाचं तरी असू शकतं. वाय-फायमागचं ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेचं पेटंट तसंच. अमेरिकेत ते १९९६ साली मिळालं. फूरिए रूपांतराचं, म्हणजे लहर तिच्या कंपनांमध्ये सुटी करण्याचं, गणित त्यात वापरलंय, पण मागितलं काय? भिंतींवरून आदळून येणाऱ्या रेडिओ प्रतिध्वनींमध्येही वेगाने डेटा नेणारी बिनतारी यंत्रणा. फूरिए सगळ्यांचाच राहिला.

प्रत्यक्ष कृती

शुक्रवार ते रविवार आम्ही भोसरीच्या गाळ्यात काढले. एप्रिलचं ऊन आणि पत्र्याचं छप्पर. हवा कुठून वळते ते दाखवायला त्यांनी रॅकच्या तोंडाला पतंगाच्या कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. पंख्यांचा ठेका सुरू झाला की त्या पट्ट्या किंचित वेगवेगळ्या लयीत हलायच्या. मी तोवर कागदावरच समजून घेत होते. तिथे पहिल्यांदा ते डोळ्यांनी बघितलं. क्लेमचा पहिला कच्चा मसुदा मी त्या पट्ट्यांसमोर बसूनच लिहिला.

प्रोव्हिजनल, म्हणजे पूर्ण तपशिलाआधीचा तात्पुरता अर्ज, म्हणजे एक पान लिहून तारीख पकडायची, असा समज पुण्यात फार पसरलेला आहे. तारीख मिळते ती त्यात लिहिलेल्या गोष्टींनाच. जे लिहिलं नाही त्याला, बारा महिन्यांच्या आत कंप्लीट स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं पूर्ण वर्णन, दाखल होईल त्या दिवसाची तारीख. म्हणून आम्ही ठेक्यांची रचना, वेळ जुळवण्याची रीत, गाळ्यातल्या नोंदी, हाताने काढलेल्या आकृत्या असं सगळं घातलं. महाराष्ट्र मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या कक्षेत येतो, पण ऑनलाइन अर्जाला कुठे जावं लागत नाही. स्टार्टअप म्हणून त्यांची नोंदणी झालेली होती, त्यामुळे अर्जाची मूळ फी आठ हजारांऐवजी सोळाशे रुपये. रविवारी रात्री अर्ज गेला.

सोमवारच्या प्रात्यक्षिकाचं काय करायचं यावर आमचा थोडा वाद झाला. अर्ज झाला होता, म्हणजे आता दाखवायला हरकत नाही, असं दादाचं मत. मला ते पटलं नाही, कारण कंप्लीटमध्ये आणखी काय येईल ते अजून कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी गोपनीयतेच्या करारावर सही घेतली आणि ग्राहकाला रॅकच्या तापमानाचा पडदा दाखवला, पंख्यांच्या वेगाचा नाही. ग्राहकाने काही विचारलंही नाही. त्याला वीजबिलात रस होता.

पुढचे पाच आठवडे जुन्या कंपनीत गेले. न विचारता गप्प राहायचं की विचारून मोकळं व्हायचं? विचारलं तर झोपलेल्याला जागं केल्यासारखं होईल, ही दादाची भीती रास्त होती. आपल्या पेटंट कायद्यात नोकरदाराच्या शोधाची मालकी ठरवणारं स्वतंत्र कलम नाही. बहुतेक सगळं करारावर जातं. आमच्या बाजूने एक भक्कम गोष्ट होती. ठोक्याची कल्पना दादाने नोकरी सोडल्यानंतरची होती, आणि मुळात ती दादाची नव्हतीच, तिची होती. तिने त्याला व्हॉट्सअॅपवर पाठवलेला कागदाचा फोटो तारखेसह शाबूत होता. आम्ही पत्र पाठवून फक्त ठोक्याबद्दल लेखी ना-हरकत मागितली, आणि ती मिळाली. तक्ता क्लेममध्ये असता तर असं सरळ पत्र लिहिताच आलं नसतं.

विद्यार्थ्यांचा प्रश्न मी उशिरा हातात घेतला. शोधक कोण, हे मेहनतीवरून ठरत नाही. सहा महिने रात्री जागून प्रवाहाच्या गणितासाठी संगणकात खोलीची जाळी आखणारा आणि गणितं चालवणारा विद्यार्थी शोधक असेलच असं नाही; पण एका वाक्यात नेमकी कल्पना देणारा असू शकतो. दोघांशी वेगवेगळं बोलले. मुलाने नेमून दिलेलं काम चोख केलं होतं. मुलीने मात्र एक गोष्ट हेरली होती. नेटवर्क स्विच, म्हणजे सर्व्हर एकमेकांना जोडणारं उपकरण, सर्व्हरसारखा पुढून हवा घेऊन मागे सोडेलच असं नाही. काही स्विच एका बाजूने घेऊन दुसऱ्या बाजूने सोडतात, काही केबलच्या बाजूने आत घेतात, काही तिथूनच बाहेर टाकतात. रॅकमध्ये उलटा बसलेला स्विच मागची गरम हवा ओढतो, आणि ठोक्याच्या नोंदीत त्याची खूण उलट्या चिन्हाने उमटते. "ताई, हा स्विच उलटा बसलाय," असं तिने नुसती नोंद बघून सांगितलं होतं. रॅक उघडून पाहिलं तर खरंच उलटा.

ही कल्पना होती. तिचं नाव शोधक म्हणून घालणं भाग होतं, आणि मला ते घालताना आनंद झाला. अर्जदार कोण, हा पुढचा प्रश्न. महाविद्यालयाला सहमालक करावं असं कुणीतरी सुचवलं. कलम ५० प्रमाणे सहमालक स्वतः शोध वापरू शकतो, पण इतरांच्या संमतीशिवाय कुणाला परवाना देऊ शकत नाही. दोन माणसांच्या कंपनीला प्रत्येक परवान्यासाठी महाविद्यालयाच्या समितीपुढे जाणं झेपलं नसतं. महाविद्यालयाने पत्र देऊन हक्क सोडला, मुलीने आपला हक्क मोबदला घेऊन कंपनीच्या नावे केला, आणि अर्जदार एकटी कंपनी राहिली.

याच काळात जुन्या पेटंटचा शोध घेतला. तिथे धक्का बसला. थंड हवा सोडणाऱ्या एकेका यंत्रात बदल करून कोणत्या रॅकवर काय परिणाम होतो ते मोजण्याचं काम अमेरिकेत एचपीच्या संशोधकांनी फार आधी करून ठेवलं होतं. ठराविक ठेक्याने यंत्र हलवून त्याचा स्वभाव ओळखण्याची रीत रासायनिक कारखान्यांतही जुनी. नुसता ठोका नवा नव्हता. नवं होतं ते तिघांचं एकत्र येणं: सगळ्या पंख्यांना एकाच वेळी वेगवेगळे ठेके, नेटवर्कवरून उशिरा येणाऱ्या मापांची खरी वेळ लावणं, आणि त्यातून दुरुस्त झालेल्या आकड्यांवर पंख्यांचा वेग पुन्हा ठरवणं. मुख्य क्लेम तेवढाच आवळला. स्विचची दिशा ओळखणं वेगळ्या क्लेममध्ये ठेवलं.

शब्दरचनेवर सगळ्यात जास्त दिवस गेले. कलम ३(के) मध्ये 'पर से', म्हणजे 'नुसता', हे शब्द २००२ च्या दुरुस्तीने आले. २०१९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने फरीद अलानी यांच्या प्रकरणात सांगितलं की बंदी नुसत्या प्रोग्रामला आहे. तांत्रिक परिणाम घडवणारा शोध केवळ संगणकावर चालतो म्हणून बाद होत नाही. सिम्युलेशनपुरतं बोलायचं तर युरोपीय पेटंट कार्यालयाच्या विस्तारित मंडळाचा १० मार्च २०२१ चा जी १/१९ हा निर्णय मी दादाला वाचायला दिला. इमारतीतल्या गर्दीच्या हालचालीचं सिम्युलेशन हा त्यातला विषय. सिम्युलेशनला वेगळी सवलत नाही आणि वेगळी बंदीही नाही. तपासायचं ते तांत्रिक काम घडतं का एवढंच. आमच्या क्लेममध्ये म्हणून 'अंदाज' हा शब्द कुठेच राहिला नाही. पंखे, त्यांचे वेगनियंत्रक, सेन्सर, नियंत्रक. कोण कधी काय करतो. आणि शेवटी पंख्याचा वेग बदलतो. वाक्य पंख्यापाशी संपलं पाहिजे, असा मी हट्टच धरला.

परदेशाचं लवकर उरकलं. भारतात राहणाऱ्याने परवानगीशिवाय आधी बाहेर अर्ज करायचा नसतो. इथे अर्ज करून सहा आठवडे थांबलं की वाट मोकळी. पण ग्राहक सगळे महाराष्ट्रातले आणि पैसे तुटपुंजे. परदेशात अर्ज करायची बारा महिन्यांची मुदत त्यांनी जाऊ दिली. त्यांचा हा निर्णय मला तेव्हा बरोबर वाटला, आजही वाटतो.

निकाल

कंप्लीट दाखल करताना स्टार्टअपला मिळणाऱ्या त्वरित तपासणीचा फॉर्म १८ए भरला. पहिला तपासणी अहवाल आला. हरकती अपेक्षित होत्या: ३(के), जुन्या पेटंटांच्या जोडीने पाहता शोधात विशेष पाऊल नाही (म्हणजे जाणकाराला हे सहज सुचलं असतं), आणि कलम १०(५) प्रमाणे स्विचचा क्लेम हा वेगळाच शोध आहे.

पहिल्या दोन हरकतींना आम्ही गाळ्यातल्या नोंदींनी उत्तर दिलं. एकेक यंत्र हलवताना रात्र जायची, तिथे सगळे एकदम हलवून दोन तासांत काम व्हायचं. वेळ जुळवण्याची पायरी काढली की ठेका सापडायचा नाही, हे दाखवणारे आलेख जोडले. ते आलेख काढायची कल्पना तिची, आणि माझ्या मते पेटंट मिळालं ते त्या आलेखांमुळे. व्हिडिओवरून झालेल्या सुनावणीत पेटंट कार्यालयाच्या नियंत्रकांनी विचारलं, "पंखा काढून घेतला तर तुमच्या क्लेममध्ये उरतं काय?" मी म्हणाले, "काही उरत नाही, सर. पंखा हलल्याशिवाय पहिली पायरीच होत नाही."

तिसऱ्या हरकतीवर मी स्विचचा क्लेम काढून घेतला. तो कलम १६ खाली वेगळ्या विभागीय अर्जात, म्हणजे मूळ अर्जातून फुटून निघणाऱ्या अर्जात, टाकायचा, असं ठरलं होतं. असा अर्ज मूळ पेटंट मंजूर होण्याआधीच करावा लागतो. मी मनात काही महिन्यांचा अवधी धरला. त्या आठवड्यात दादाच्या वडिलांचं आजारपण निघालं, सह्या राहिल्या, मीही तगादा लावला नाही. त्वरित तपासणीत शेवटच्या उत्तरापासून तीन महिन्यांत निकाल द्यायचा असतो, हा नियम मला पाठ होता; तरी मंजुरी इतक्या लवकर येईल असं धरून मी चालले नव्हते. सुनावणीनंतरचं लेखी म्हणणं दिल्यावर थोड्याच दिवसांत पेटंट मंजूर झालं.

दोघांनी पेढे आणले. पेढ्याचा डबा टेबलावर असतानाच मला स्विचचा क्लेम आठवला.

मंजुरीनंतर क्लेम आवळता येतात, वाढवता येत नाहीत. विभागीय अर्जाची वाट बंद झाली होती. स्पेसिफिकेशन प्रसिद्ध झालेलं, म्हणजे स्विचची कल्पना आता सगळ्यांसाठी खुली. मी दोघांना त्याच वेळी सांगितलं. त्या मुलीला फोन करून मीच सांगितलं. ती तेव्हा चाकणला नोकरी करत होती. "पण माझं नाव आहे ना पेटंटवर?" तिने विचारलं. नाव होतं. क्लेम मात्र नव्हता.

पेटंट चालू आहे. अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं, आणि तिसऱ्या वर्षापासून नूतनीकरणाची फी. एका वातानुकूलन कंत्राटदाराने परवाना घेतला आहे. करार करताना त्याच्या वकिलाने पहिला प्रश्न मालकीचा विचारला. जुन्या कंपनीची ना-हरकत, महाविद्यालयाचं पत्र, मुलीचं हक्क हस्तांतर ही तिन्ही कागदपत्रं एकाच पाकिटात होती. ते बोलणं एका बैठकीत संपलं.

वेगळं काय करता आलं असतं

दादाच्या बाजूने एकच: परिषदेच्या आधी एक फोन. निबंध वाचू नये असं मी कधीच म्हणत नाही. त्याच आठवड्यात आधी प्रोव्हिजनल टाकून निबंध वाचता आला असता, आणि तीन वर्षांचं काम क्लेमच्या बाहेर राहिलं नसतं. मालकीचा गुंता उरला असता, पण निदान तो एकटाच उरला असता.

जुन्या कंपनीला विचारण्याचा निर्णय मी पुन्हा तसाच घेईन, पण अर्जाआधी नाही. आधी अर्ज करून नंतर विचारण्याचा क्रम योग्य होता. कंपनीने नकार दिला असता तर आमच्याकडे निदान तारीख असती.

जुन्या पेटंटचा शोध प्रोव्हिजनलच्या आधी व्हायला हवा होता. सोमवारच्या घाईत ते जमलं नाही. एचपीचं काम गुरुवारीच दिसलं असतं तर त्या तीन दिवसांत मी वेळ जुळवण्याच्या भागावर दुप्पट पानं लिहिली असती; तो भाग प्रोव्हिजनलमध्ये जेमतेम पुरेल एवढाच होता. कमी असता तर मुख्य क्लेमची तारीखच एक वर्ष पुढे गेली असती.

विद्यार्थ्यांशी मी पहिल्या दिवशी बोलायला हवं होतं. स्विचची गोष्ट मला सहा आठवड्यांनी कळली. प्रोव्हिजनलमध्ये ती नव्हती, म्हणून तिला कंप्लीटचीच तारीख मिळाली. एका खोलीत चार माणसं काम करत होती, मी दोघांनाच विचारलं.

आणि विभागीय अर्ज. १०(५) ची हरकत आली त्याच दिवशी मसुदा करून, अहवालाच्या उत्तराबरोबरच तो दाखल करायला हवा होता. स्टार्टअपला त्याची वेगळी फी सोळाशे रुपये पडली असती. आता अशी हरकत आली की उत्तर आणि विभागीय अर्ज एकाच दिवशी, एकाच फाइलमधून जातात. सह्या आधीच घेऊन ठेवते.

गेल्या महिन्यात ती दोघं पुन्हा आली होती. ठोका आता फरशीच्या जाळ्यांच्या झडपांवर चालवून बघत आहेत, पंख्यांऐवजी. मूळ शोधातली ही सुधारणा असल्याने कलम ५४ खाली 'पेटंट ऑफ अॅडिशन' मागता येईल. त्याला वेगळी नूतनीकरण फी नसते, मुदत मूळ पेटंटबरोबर संपते. मी विचारलं, गाळ्यात सध्या कोण कोण काम करतं? तिने वही पुढे केली. प्रत्येक पानावर तारीख, आणि त्या दिवशी हजर असलेल्या सगळ्यांच्या सह्या होत्या. चाकणची मुलगी शनिवारी येते; तिचीही होती.